माफी कशाची, ते आधी बोल

लिवा. माझं नाव जैतूनबी. आमी नदाफ, म्हंजी कापूस पिंजणारं, गाद्या करणारं. माहेर गडहिंग्लजच्या पल्याड, पार कर्नाटकाच्या शिवंवर, घरात दखनी, बाजारात कन्नड, शेजारी मराठी, त्यामुळं माझी एक भाषा धड न्हाय बघा. आन कोल्हापुरात येऊन आता म्हातारी झालो म्हणायची येळ आली, तर हितल्या बायका मी आलो, मी गेलो असं गड्यावानी बोलतात, मीबी तसंच बोलतो. तुमी पावणं शिकल्यालं, लिवताना त्ये सुदरू नका. माझं हाय तसं ऱ्हाऊ द्या.

माझा बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा. पिंजण म्हंजी मोठ्या धनुष्यावानी असतंय, त्येला तात बांधल्याली, ठोकलं की टुंग टुंग वाजतंय आन कापूस असा फुलून वर येतोय. गावात शिरला की पाटलाची बायको न्हाय तर कुणीतरी हाक मारायची, आलं बघा गादीवालं मामा. बा म्हणायचा, पोरी, आपल्या धंद्यात सवाब हाय, पुण्य हाय, लोकांना झोप देतोय आपण. दिली की. गावाला झोप दिली. माझी कुठं गेली ती इचारू नका.

लगीन झालं आन मी कोल्हापुरात आलो. मालक बाबालाल, त्येंचा धाकटा भाऊ यासीन, आन सासू. सासूला सगळा मोहल्ला अम्मा म्हणायचा. खाली दुकान, मागं स्वैपाकाची खोली, वर माळा, माळ्यावर कापसाच्या गठड्या. मालक बोलायला कमी, हाताला चांगलं. त्येंनी भरलेली गादी कुठं दाबून बघा, उंच न्हाय, खड्डा न्हाय. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं. शिरोळकडनं ट्रॅक्टर भरून गाद्या न्यायचे लोक, रुखवताच्या. मी म्हणायचो, जरा हळू करा की, जेवा की. ते म्हणायचे, जेवतो की, पळून जातंय व्हय जेवण. असं माणूस.

यासीनचं तसं न्हवतं. त्येला हात पांढरं करायचा कंटाळा. फोम आणूया, कापसाचं दिस गेलं, दुकान मोठं करूया, मागची खोली पाडूया, ह्येच रोजचं. मालक म्हणायचे मी हाय तवर कापूस. मी सांगतो तुमाला, फोमात काय वंगाळ न्हाय, आज मीबी फोमाची उशी भरून देतो गिऱ्हाइकाला, पोटाला लागतंय. भांडण फोमाचं न्हवतंच. धाकट्याला थोरलं व्हायचं व्हतं, एवढंच.

आता काठीचं सांगाय पायजे. गादी भरून तोंड शिवलं की ती आडवी टाकायची आन वरनं काठीनं बडवायची, कापूस आत सारखा पसराय पायजे म्हणून. चांगली टणक काठी असती. त्या दिवशी दुपारचं मी मागं भाकऱ्या थापत व्हतो, अम्मा दुकानाच्या उंबऱ्यात बसून जुन्या कापसातली सरकी येचत व्हत्या. पुढं आवाज चढला. मी म्हणलं रोजचंच हाय. मग काठीचा आवाज आला. गादीवर काठी पडली की कसा आवाज येतोय मला म्हाईत हाय, जलमभर त्योच ऐकत आलो. ह्यो आवाज तसला न्हवता. आन एकदा न्हाय आला. पयला आला, मग कायतरी पडलं, मग परत आला.

मी तशीच पिठाच्या हातानं पुढं आलो. मालक कापसात पडल्यालं. यासीन काठी घेऊन उभा. आन अम्मा हितं, जवळ, ह्या भिंतीपासनं त्या भिंतीएवढ्या लांब, तोंडावर पदर धरून. कापूस रगत पिऊन घेतोय पावणं, भुईवर एक थेंब आला न्हाय. सगळा कापसानं घेतला.

पोलीस आलं, काठी नेली, कापूस नेला. कोर्टात मी सांगितलं जे बघितलं ते, काठी हातात बघितली. मारताना बघितलं का? न्हाय बघितलं, मी मागं व्हतो. बघितल्याली एकच बाई, अम्मा. आन अम्मानं कोर्टात उभं ऱ्हाऊन सांगितलं की बाबालाल माळ्यावरच्या शिडीवरनं पडला, भाऊ त्येला धरायला गेलता. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. वकिलांनी कायबाय केलं, काठीवरचं रगत तर खोटं ठरंना, मग भांडणात हात लागला, मारायचं मनात न्हवतं, असं कायतरी ठरलं. खून न्हाय ठरला. यासीन काय वर्सं कळंब्याच्या जेलात ऱ्हायला आन आला बाहीर.

तुमी इचारशिला अम्मा मग कुठं गेली. कुठं जाती? माझ्याच घरात. यासीनची बायको माहेरी निघून गेलती, आन म्हातारीला आणिक कोण हाय. मी वाढायचो, ती खायची. दोगी एका खोलीत, मधी एक शब्द न्हाय. लोक म्हणायचे, जैतूनबीचं काळीज मोठं. कसलं मोठं. म्हातारीला रस्त्यावर टाकली असती तर माझ्याच मालकाची आई रस्त्यावर पडली असती न्हवं. एकदाच म्हणलं मी तिला, जिभंला हाड नसतंय ते आज कळालं अम्मा. ती म्हणली, एक गेला व्हता गं, दुसऱ्याला कसा धाडू. मी तिचं ताट उचलून धुवायला घेतलं. माझा पोरगा सलीम तवा ल्हान, त्येला मांडीवर घेऊन ती रडायची. मी गाद्या शिवायचो. नवी काठी आणली, बडवायला तर लागतंयच. पयल्या पयल्यांदा प्रत्येक फटक्याला अंगावर काटा यायचा. मग त्योबी यायचा बंद झाला. पोटाफुडं काटा किती दिस टिकणार.

यासीन सुटून आला तो आमच्या दारात आला न्हाय. रस्त्याच्या त्या टोकाला फोमचं दुकान घातलं. बायको परत आली. दाढी ठेवली, पाच वखत नमाज, पयल्या ओळीत. रमजानात सगळ्यांना इफ्तार. मशिदीला पंखं दिलं. मी म्हणत न्हाय ढोंग हाय. मनातलं अल्लाला ठावं. पर एक सांगतो, मशीद आमच्या दोघांच्या मधी हाय, तितपतूर रोज पाच वखत यायचा, तितनं फुडं माझं दार चार पावलं, ती चार पावलं काय त्येच्यानं झाली न्हाईत. मक्का जवळ पडली त्येला.

तर हजला नंबर लागला त्येचा. आमच्यात रीत हाय बघा, हजला निघालेलं माणूस आधी दारोदार जातंय. सग्यासोयऱ्याकडं, शेजाऱ्याकडं, किराणावाल्याकडं, न्हाव्याकडं, ज्येच्याशी कवा भांडण झालं त्येच्याकडं तर आधी. जाऊन हात जोडायचं आन म्हणायचं, कहासुना माफ करो. बोललो असंल, चालताना धक्का लागला असंल, माफ करा. का, तर अल्लाचं जे चुकलं ते अल्ला सोडतोय, त्येची मर्जी, नमाज चुकली, रोजा चुकला. पर माणसाचं जे चुकलं ते माणसानंच सोडाय लागतंय. त्यात अल्लाबी मधी पडत न्हाय. आता बघा, केवढी मोठी गोष्ट हाय ही, अल्लानं एवढी जागा माणसाला मोकळी सोडल्या.

मग सुरू झालं. आधी यासीनची बायको आली, मुमताज, डोळ्यात पाणी. मग जमातीतलं जाणतं लोक आलं, चहा प्यालं, म्हणलं जैतूनबी, किती वर्सं झाली, त्येनं जेल भोगला, तोबा केली, पस्तावला, आता तू मन मोठं कर. त्येचा हज अडतोय तुझ्यासाठनं. मी म्हणलं, मी कुठं अडीवलंय, विमान माझं हाय का? सलीम आता मोठा झाला, शिरोळीला कारखान्यात जातोय, त्योबी म्हणला, अम्मी सोड की आता, लोकं मला इचारत्यात. मी म्हणलं, तुला बापाचं तोंड आठवतंय का? त्यो डबा उचलून कामाला गेला. वंगाळ बोललो मी. ल्हान व्हता त्यो, कुठनं आठवणार.

त्याच शुक्रवारी मशिदीत बयान झालं, प्रवचन म्हणा. आमी बाया घरातनंच ऐकतो, भोंग्यावर. मौलानासाब नवीन, तरणा माणूस, आवाज गोड. त्यांनी गोष्ट सांगितली, तुमीबी ऐकली असंल. जुन्या काळात एक माणूस व्हता, नव्याण्णव खून केल्याला. त्येला वाटलं तोबा करावी. एका साधूबाबावानी माणसाकडं गेला, त्यो म्हणला तुला कसली तोबा, तर त्येलाबी मारलं, शंभर केलं. मग एका शहाण्या माणसानं सांगितलं, तोबाला कोण आडवा येतोय, अमक्या गावात चांगली माणसं हाईत, तितं जा. त्यो निघाला आन वाटंतच मेला. मग रहमतचं, दयेचं फरिश्तं आलं, अजाबचं, शिक्षेचं फरिश्तं आलं, भांडाय लागलं ह्यो कुणाचा. अल्लानं सांगितलं वाट मोजा. मोजली, तर चांगल्या गावाकडं यितभर जवळ निघाला. गेला जन्नतला.

बाहीर गल्लीत सगळं सुभानल्ला, सुभानल्ला. मी सुई हातात धरून तशीच बसलो. मनात म्हणलं, या अल्ला, तुझ्या रहमतला मी न्हाय म्हणणारी कोण, यितभर वाट मोजून दिलीस, तू मालिक हाईस. पर त्या शंभर जणांच्या आया कुठं व्हत्या? बायका? त्यास्नी कुणी इचारायला गेलं का? का त्या नुसत्या मोजायलाच व्हत्या?

पाप लागंल म्हणून मी कुणाला बोललो न्हाय. पर ऱ्हावंना. दुसऱ्या दिवशी मौलानासाबच गादी टाकायला आलं, त्येंच्या बाळाची दुपटी-गादी करायची व्हती, तवा इचारलं तोंड उघडून. मला वाटलं रागं भरंल. तर न्हाय. मावशीला हाक मारावी तसं म्हणला, खाला, कुराणात लिवलंय, एका माणसाला नाहक मारलं म्हंजी सगळ्या माणूसजातीला मारलं. आन जाणूनबुजून मोमिनाला, इमानवाल्याला मारणाऱ्याला जहन्नम हाय, हेबी लिवलंय. आन माझ्या रहमतबद्दल आशा सोडू नका, हेबी लिवलंय. मोठ्या मोठ्या आलिमांत, जाणकारांत ह्यावर दोन मतं पडल्यात. काही म्हणलं असल्याला तोबाच न्हाय. जास्ती जण म्हणलं तोबा हाय, अल्ला आपलं सोडंल. पर मेलेला माणूस कयामतच्या दिवशी मारणाऱ्याला धरून आणणार, गळ्यातनं रगत वाहात असणार, आन इचारणार, या रब, ह्येला इचार मला का मारलं. ते इचारणं मी मिटवू शकत न्हाय, यासीनभाई न्हाय, तुमीबी न्हाय. तुमच्याकडं तुमचं जे दुखलं तेवढ्याचीच माफी हाय.

मी म्हणलं, आन ती न दिली तर मी पापी?

न्हाय, म्हणला. देणं चांगलं, लई चांगलं. न देणं तुमचा हक हाय.

एवढं सरळ मला कुणी बोललं न्हवतं. त्या बाळाच्या गादीत मी निवडून निवडून कापूस भरला.

तर आला त्यो दिवस. दुपारची नमाज झाली, त्येची निघायची येळ. गल्लीत माणसं, गळ्यात हार, पोरं नात, म्हंजी पैगंबरांचं गाणं, म्हणत फुडं, यासीन पांढऱ्या कपड्यात मधी. एकेका दारात थांबायचं, हात जोडायचं, कहासुना माफ करो, की लोकं गळ्यात पडायची, आमच्यासाठी दुवा करा म्हणायची. भाजीवाल्या मावशीकडं गेला. न्हाव्याकडं गेला. आन मग आला बघा माझ्या दारात. इतक्या वर्सांनी ती चार पावलं झाली, तीबी हार घालून, माणसं घेऊन.

मी उंबऱ्यातच व्हतो, गादीवर. अम्मा आत खाटंवर, पडून असायच्या तवा. यासीननं खाली बघून हात जोडलं. म्हणला, भाबी, कहासुना माफ करो. जाने-अनजाने में कुछ गलती हुई रहेंगी तो माफ करो.

तेच. भाजीवालीला म्हणला तेच. न्हाव्याला म्हणला तेच.

माझं असं झालं बघा, सांगता येत न्हाय. खरं सांगतो, मी ठरीवलं न्हवतं काय. सलीमकडं बघून, त्या गर्दीकडं बघून, दिलीबी असती कदाचित. पर त्यो एक शब्द ऐकला आन पिंडऱ्यापासनं आग आली. मी म्हणलं, कशाची माफी?

त्यो म्हणला, सगळ्याचीच भाबी.

मी म्हणलं, सगळ्याची नको. तू माझ्या ताटातनं जेवलास, त्येची न्हाय मागायची. माझ्या भाकरीला नावं ठेवलीस, ती कवाच सोडली. एकाचीच माग. आन ती काय हाय ते आधी बोल. माझ्या मालकाचं नाव घे, आन काय केलंस ते बोल. एकदाच बोल, मी देतो.

नात म्हणणारी पोरं थांबली. त्येच्या तोंडाकडं बघितलं मी, ओठ हाललं त्येचं, मला वाटलं येतंय, येतंय आता. आतनं अम्मा रडाय लागली, दे गं जैतून, दे गं. यासीननं तिकडं बघितलं, मागं जमातीकडं बघितलं. कसा बोलणार? बोलला तर शिडी खोटी, आईची कोर्टातली शपथ खोटी, मशिदीतलं पंखं राहिलं बाजूला, सगळ्यांम्होरं खुनी. हाजी व्हायच्या दिवशीच. त्यो म्हणला, अल्लाह गफूर है भाबी.

मी म्हणलं, हाय की, माफ करणाराच हाय त्यो. अल्ला गफूर हाय. मी जैतून हाय.

कुणीतरी म्हणलं गाडीची येळ झाली. गेले सगळे. हारातलं एक फूल उंबऱ्यावर पडलं, ते मी झाडून टाकलं.

त्यो गेला, हज करून आला. स्टेशनवर शंभर माणूस घ्यायला. आता यासीन न्हाय म्हणायचं, हाजीसाब. हाजी माणूस आईच्या पोटातनं आत्ता आल्यावानी साफ असतोय, त्येच्या हातची दुवा लागती, म्हणून रांग लागली दारात. आन मला काय म्हणाय लागलं, पत्थर. जमातीतल्या बायका गाद्या दुसरीकडनं भरून घ्यायला लागल्या. हिंदू गिऱ्हाईक व्हतं म्हणून चूल पेटली, त्यास्नी ह्यातलं काय ठावं न्हवतं, आन ज्येंना ठावं व्हतं त्या म्हणायच्या बरं केलंस मावशी. तेबी मला नको व्हतं. बरं करायला न्हाय केलं मी ते.

त्येनं घरोघर खजूर आन मक्केतल्या विहिरीचं, झमझमचं पाणी वाटलं. आमच्यात सलीमच्या हातनं आलं. खजूर सलीमनं खाल्ला. पाण्याची बाटली ऱ्हायली. आता झमझम सांडता येत न्हाय, पाक पाणी. आन त्येच्या हातनं आलेलं मी पीत न्हाय. मग ठेवली फळीवर, कापडात गुंडाळून. रोज बघायचो. असली गत बघा, त्येच्या पाण्याची राखण मी करायची.

मग अम्माचं झालं. श्वास लागला, डाक्टर म्हणला घरीच ठेवा. सकाळचं तिनं माझा हात धरला. एवढ्या वर्सांत धरला न्हवता. म्हणली, जैतून, मी बघितलं व्हतं. पयला फटका बसला तवा बाबालाल पडला, त्यो अम्मा म्हणला, आन यासीननं परत मारलं. मी बघितलं आन कोर्टात खोटं बोललो. तुझ्या मालकाच्या रगतावर खोटं बोललो. मला माफ कर.

काय सांगू तुमाला. मला वाटलं व्हतं, कवा ही बोलली तर मी तिचा गळा धरीन. तर माझ्या तोंडातनं लगीच आलं, केलं अम्मा, माफ केलं. इचारबी केला न्हाय. इतकं सोपं असतंय ते, मला म्हाईतच न्हवतं. दोगी रडलो पोटभर. मग फळीवरली बाटली काढली, झमझमचा चमचा तिच्या ओठाला लावला. पाणी त्येचं व्हतं, पर तोंड तिचं साफ व्हतं आता. दुपारच्या आत गेली.

जनाजा उचलायच्या आधी घरचं माणूस उभं ऱ्हाऊन इचारतंय, मयतानं कुणाचं मन दुखीवलं असंल तर माफ करा. थोरला न्हाय, तर यासीनच उभा ऱ्हायला इचारायला. सगळे माफ, माफ म्हणलं. मी आतल्या दारातनं मोठ्यानं म्हणलं, मी केलं. ती बोलली, म्हणून केलं. तुझ्या आईनं सगळं बोलून मग डोळं मिटलं, यासीन.

त्येनं वर बघितलं. जाणलं त्येनं. चेहरा असा झाला, कापसावानी. खांदा दिला आन गेला.

आता आमचं असं चाललंय. त्यो त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधी मशीद. परवा ऐकलं, त्येला छातीचा त्रास हाय, सांगलीला दाखवून आणला. तवापासनं मी पाची वखत त्येच्यासाठी दुवा मागतो. सलीमनं ऐकलं एकदा आन लई खूश झाला, म्हणला अम्मी, सोडलंस व्हय शेवटी. मी म्हणलं, गप जा तिकडं.

सोडलं न्हाय रं बाबा. मी अल्लाला म्हणतो, त्येला भरपूर आयुष्य दे. माझं कापून दे. त्येला चांगलं पाय दे, चांगली जीभ दे. बोलल्याबिगर मारू नको त्येला. तितं, कयामतला, माझा मालक गळा धरून उभा हाय, तितलं तितं. हितलं माझं दार उघडं हाय, दिवसभर मी उंबऱ्यातच बसून गाद्या शिवतो. एक वाक्य हाय, पावणं. चार पावलं आन एक वाक्य. अल्ला त्येला तवर जगवू दे.